लेस्टरची जाहिरात

बाहेरून माणसे आली की राष्ट्र खालावते काय, हा वादविवाद मंडळांचा सदाबहार विषय. माझ्यावर बोलण्याची पाळी आली तेव्हा विश्वबंधुत्वाची सुभाषिते गोळा करण्यापेक्षा एखादे उदाहरण नीट तपासावे असे वाटले. मी इंग्लंड निवडले. न बोलावता आपल्याकडे दीडशे वर्षे मुक्काम ठोकणाऱ्यांना पाहुण्यांचा त्रास कसा वाटतो, याचे कुतूहल होतेच!

२० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे इनॉक पॉवेल यांनी आपले गाजलेले भाषण केले. गृहस्थ अडाणी नव्हते; ग्रीकचे प्राध्यापक, युद्धकाळात हिंदुस्थानात लष्करी अधिकारी, उर्दू शिकलेले. स्थलांतर असेच चालले तर देशात रक्त सांडेल, असे त्यांचे भाकीत. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते हीथ यांनी त्यांना छाया-मंत्रिमंडळातून काढले. पण लंडनच्या गोदी-कामगारांनी त्यांच्या बाजूने मोर्चा काढला.

मला भाषणापेक्षा हा मोर्चा अधिक बोलका वाटतो. पाचच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर उतरवावा लागला होता. जानेवारीत सुएझच्या पूर्वेकडील फौजा मागे घेण्याची घोषणा झाली. साम्राज्य गेले, नाण्याची पत गेली. यातले काहीही बार्बाडोसच्या बसकंडक्टरने केलेले नव्हते. त्याला तर लंडनच्या बससेवेने १९५६ पासून स्वतः जाऊन भरती केले होते. पण पौंडाची घसरण डोळ्यांना दिसत नाही, शेजारच्या घरातली फोडणी मात्र नाकाला लगेच कळते. ‘बाहेरचे’ हा शब्द किती सहज तोंडी येतो, हे या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना मी सांगायला नको.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. पुष्कळांजवळ ब्रिटिश पासपोर्ट होते. तेव्हा लेस्टरच्या नगर परिषदेने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात चक्क जाहिरात दिली की, आमच्याकडे घरे, शाळा, दवाखाने यांवर ताण आहे; तुमच्याच हितासाठी इकडे येऊ नका. वाचून संताप येतो. तरी घरांसाठीची रांग खरी होती, वर्गांतली गर्दीही खरी होती. तक्रार करणारा प्रत्येकजण वर्णद्वेष्टाच, असे म्हणणे हा व्यासपीठावरचा स्वस्त डाव आहे; तो मी खेळलो नाही आणि म्हणून थोड्या टाळ्या गमावल्या.

सुमारे २८,००० लोक ब्रिटनमध्ये आले. लेस्टरला यायचे ते आलेच. बेलग्रेव्ह रोडवर साड्यांची आणि सोन्याची दुकाने उभी राहिली, हे सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र तेथला इम्पीरियल टाइपरायटर कारखाना आठवतो. १९७४ साली आशियाई कामगारांनी बोनसमधील अन्यायाविरुद्ध संप केला, तेव्हा कामगार संघटनेने त्यांना पाठिंबा दिला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकन मालकांनी कारखाना बंद केला. गोऱ्यांची आणि आशियाईंची नोकरी एकाच कुलपात अडकली.

आता अलीकडची गोष्ट. २०२० साली ब्रिटनच्या गृहमंत्री प्रीती पटेल यांनी प्रवेशाचे कडक नियम मांडले. त्यांचे आईवडील युगांडातून आलेले गुजराती. या नियमांखाली त्यांना कदाचित प्रवेश मिळाला नसता, हे बाईंनी मुलाखतीत मान्य केले, आणि नियम तसेच पुढे नेले.