चार भोके आणि एक चित्र

मुंबईला गेले की राणीची बाग आणि चौपाटी हा आमचा ठरलेला कार्यक्रम. या मे महिन्यात मात्र कन्येच्या हट्टापायी पेडर रोडवरचे भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय पाहायला गेलो. जुना गुलशन महाल आणि शेजारची नवी इमारत मिळून हे संग्रहालय २०१९ साली खुले झाले. बरोबर अण्णा, म्हणजे माझे वडील, होते.

अण्णांविषयी कोणी विचारले, की ‘खासगी नोकरी’ एवढेच मी आजवर सांगत आलो. खरे तर जत्राजत्रांतून फिरणाऱ्या तंबू-सिनेमात ते ऑपरेटर होते. मराठीच्या प्राध्यापकाला ते सांगणे उगीचच जड जाई.

आत शिरताच मी व्याख्यान सुरू केले. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही आणले आणि अंधारात बसून ती भोके पाडली सरस्वतीबाईंनी.

“पण भोकं कशाला?” कन्येने विचारले. प्राध्यापक गप्प!

“अगं, दात अडकायला,” अण्णा पुढे सरसावले. “एका चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं. यंत्राचे दात त्यांत अडकतात, चित्र खाली ओढतात, क्षणभर थांबवतात. ओढताना दिव्यापुढं झडप येते. सेकंदाला चोवीस वेळा हा खेळ! भोक फाटलं की पडद्यावर चित्र नाचलंच, आणि मग पब्लिकच्या शिट्ट्या!”

एका जुन्या प्रोजेक्टरपाशी त्यांचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. मग ते बोलतच राहिले. दिव्याच्या कार्बनच्या कांड्या जळत जात. त्या सारख्या सरकवत राहायचे, नाहीतर पडद्यावरचा उजेड मंदावे. फिल्म तुटली की टोक खरवडायचे आणि सोल्युशन लावून जोडायचे. भोवती पाच-सहा अनोळखी पोरे केव्हा जमली, कळलेही नाही.

“आजोबा, मग तुम्ही खूप सिनेमे पाहिले असतील!” त्यांतला एक म्हणाला.

“कुठला रे! माझे डोळे कांडीवर. मी सिनेमे ऐकले.”

संध्याकाळी दादरला एका स्नेह्यांकडे चहाला गेलो. त्यांनी सहज विचारले, “वडील कुठे नोकरीला होते?”

“ऑपरेटर होते,” मी म्हणालो. “तंबूत सिनेमा दाखवत.”

अण्णांचे बिस्कीट चहात पडले.