डाळीचे पाणी

भोपाळ म्हटले की परगावच्या पाहुण्याच्या डोळ्यांपुढे पहिल्याने तलाव उभा राहतो. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून तो निर्माण केला, असे परंपरा सांगते. अशा गावात नांदणाऱ्या गृहिणीने पाण्याची रडकथा सांगावी, हे आमच्या नागपूरच्या आप्तांना आजही खरे वाटत नाही. कोलार रोडवर ज्यांनी संसार मांडला आहे त्यांना मात्र ते पटवून द्यावे लागत नाही.

चुनाभट्टीहून दक्षिणेकडे निघालेला हा रस्ता सर्वधर्म पुलावरून कलियासोत नदी ओलांडतो आणि ललितानगर, दानिशकुंज, बैरागढ चिचली अशा वसाहती मागे टाकीत गोल जोडाला पोचतो. तेथून पुढे गेले की शेते, मग सागाचे जंगल आणि शेवटी ज्या धरणावरून रस्त्याला हे नाव मिळाले ते कोलार धरण. आम्ही येथे आलो तेव्हा घराच्या मागील खिडकीतून हरभऱ्याची शेते दिसत. आता तेथे चार मजली इमारती आहेत आणि दारापासून हाकेच्या अंतरावर सहा पदरी रस्ता.

आमचे कुटुंब भोपाळला आले ते कारभाराच्या फायलींबरोबर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून शेकडो कर्मचारी बदलून आले, त्यांत माझे सासरेही होते. सासूबाई तेव्हा अठरा वर्षांच्या, नव्या नवरीच. तात्या टोपे नगरातील सरकारी घरात त्यांनी संसार थाटला आणि महालातल्या वाड्यातले सोवळे जसेच्या तसे तेथे आणून ठेवले. पुढे निवृत्तीच्या पैशांतून जी जागा परवडली ती कोलार रोडवर. सासऱ्यांनी हौसेने घर बांधले, अंगणात पारिजातक लावला आणि बोअर खणून घेतली.

त्या बोअरला पाणी लागले, पण खारट. वरची काळी माती आणि खालचा खडक यांतून ते पाणी असे काही क्षार घेऊन येई की नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरे, साबणाला फेस येत नसे आणि तूरडाळ काही केल्या शिजत नसे. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी डाळ आपली दाण्यासारखी टणक! मोठी गंमत अशी की, कोलार धरणाचे पाणी शहराकडे नेणारे मोठे नळ आमच्याच भागातून जात होते. शहर ते पाणी पीत होते आणि आम्ही बरीच वर्षे बोअर आणि टँकर यांवर दिवस काढीत होतो.

समोरच्या घरातील बोअरचे पाणी मात्र गोडे निघाले. एवढ्याशा गल्लीच्या दोन बाजूंना भूमीने असा भेद का केला असेल, ते तिचे तिलाच ठाऊक. ते घर आपांचे. जुन्या शहरात वाढलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. माझी डाळीची तक्रार ऐकून त्यांनीच एके दिवशी हाक मारली, "बहू, दाल के लिए पानी यहाँ से ले जाया करो." मी संकोचाने पैशांची गोष्ट काढली तेव्हा त्या हसल्या आणि त्यांनी मला कुदसिया बेगमची कथा सांगितली. एकोणिसाव्या शतकात या बेगमने भोपाळ शहराला नळाने पाणी देण्याची सोय केली आणि ते रयतेला विनामूल्य दिले. "भोपाल में पानी का हिसाब नहीं रखते," आपा म्हणाल्या. १८१९ पासून १९२६ पर्यंत ज्या गावावर एकामागून एक चार स्त्रियांनी राज्य केले, त्या गावच्या शिक्षिकेला हे सांगण्याचा अधिकार होताच.

मी रोज एक कळशी आणू लागले. सासूबाईंना ते मान्य करवणे सोपे नव्हते. दोन दिवस विचार करून त्यांनी निर्णय दिला, की अग्नीवर शिजलेल्या पाण्याला दोष नाही. तेव्हा ते पाणी डाळीला चालेल, पिण्याला नाही. पिण्याचे पाणी त्या स्वतः उकळून, स्वतःच्या तांब्यात भरून ठेवीत. आपांनी याविषयी मला कधी एका शब्दाने विचारले नाही. त्यांच्या अंगणातली ती कळशी मात्र त्यांनी नेहमी मलाच भरू दिली, स्वतः कधी हात लावला नाही. त्यांना सगळे कळत होते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

२०२३ च्या उन्हाळ्यात सगळ्या अडचणी एकदम आल्या. मोठ्या रस्त्याचे रुंदीकरण चालू होते, धुळीने घराच्या खिडक्या उघडता येत नव्हत्या. त्यातच आमच्या गल्लीत नळ टाकण्यासाठी चर खणला गेला आणि टँकर आत येईना. मे महिन्यात बोअर आटली, मोटर नुसती हवा ओढू लागली. त्याच आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया होऊन त्या घरी आल्या त्या अंथरुणाला खिळूनच. रोजची अंगपुसणी, चादरी, कपडे, भांडी. आणि घरात पाणी म्हणाल तर दोन पिंपे.

तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ सुकलेले दिसले, बोलणे अडखळू लागले. उशाशी ठेवलेला तांब्या तसाच भरलेला होता. पुष्कळ विचारले तेव्हा त्या पुटपुटल्या, "पाणी प्यायले की पुन्हा तुला भांडे द्यावे लागते. मग धुण्याला पाणी लागते. कुठून आणशील?" पंचाऐंशी वर्षांच्या त्या मानी बाईने घरातले पाणी वाचविण्यासाठी पाणी पिणेच सोडले होते. मी तेथेच भिंतीला टेकून बसले. आजपर्यंत पाण्याच्या टंचाईवर मी कुरकुरले होते, भांडले होते. तिची भीती मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटली.

मी आपांकडे गेले ती कळशीही न घेता. माझा चेहरा पाहून त्यांनी काही विचारले नाही. पायांत चपला घातल्या, चरावर टाकलेल्या फळीवरून तोल सावरीत त्या आमच्या घरी आल्या आणि सासूबाईंच्या पलंगाच्या कडेला बसल्या. येताना त्यांनी पेल्यात आपल्या घरचे पाणी आणले होते. सासूबाईंच्या मानेखाली हात घालून त्यांनी पेला ओठांशी धरला आणि म्हणाल्या, "आई, मेरी अम्मी भी ऐसे ही ज़िद करती थीं. पी लीजिए." एवढी वर्षे माझ्या तोंडून ऐकून 'आई' हा शब्द त्यांनी उचलला होता. सासूबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग दोन्ही हातांनी पेला धरून त्या पाणी प्यायल्या, सगळे प्यायल्या, आणि पेला खाली ठेवताना म्हणाल्या, "गोड आहे हो तुमचं पाणी."

संध्याकाळपर्यंत आपांच्या मुलाने चरावरून बांबू टाकून आमच्या हौदापर्यंत रबरी नळी आणली. शेजारच्या सिंधी वहिनी चादरी आपल्याकडे धुवायला घेऊन गेल्या. मागच्या गल्लीतील केरळी परिचारिका रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी येऊन सासूबाईंची पाठ पुसून देऊ लागल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कूस कशी बदलून द्यावी हे मला त्यांनीच शिकविले. पुढील महिनाभर आमचे घर चालले ते चार घरांच्या पाण्यावर आणि चार बायांच्या हातांवर.

अडचणी माणसाचे भले करतात, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्याने मे महिन्यात दोन हंडे घेऊन जिना चढून पाहावा. डिसेंबर १९८४ ची ती रात्र ज्या शहराने भोगली, त्याच्यासमोर दुःखाची स्तोत्रे गाणे तर शोभणारही नाही. टंचाई ही टंचाईच. तिचा भार बहुधा घरातल्या स्त्रीच्याच कमरेवर येतो, आणि ती दूर झालीच पाहिजे. पण माझ्या घराला जे देणे लाभले ते या अडचणीच्याच वाटेने आले, हेही मला नाकारता येत नाही. आमची डाळ घरच्या पाण्यात शिजली असती तर समोरचे दार मी कशाला ठोठावले असते?

त्याच वर्षी श्रावणात, सासूबाई वॉकर धरून चालू लागल्यावर, आम्ही सगळे कोलार धरण पाहायला गेलो. आपाही बरोबर होत्या. शहरापासून पस्तीसएक किलोमीटरवर, हिरव्या टेकड्यांच्या कुशीत ते पाणी पसरले होते. तेथे माझ्या मुलाने भूगोल समजावून सांगितला. कोलार नदी नर्मदेला मिळते. कलियासोत मात्र बेतव्याला, बेतवा यमुनेला आणि यमुना गंगेला मिळते. म्हणजे कोलारचे जे पाणी वाहत नर्मदेला गेले असते, तेच भोपाळच्या घराघरांत वापरले जाऊन मोरीवाटे नाल्यात उतरते आणि अखेर गंगेच्या वाटेला लागते. सासूबाईंनी हे नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्या मोरीत नर्मदा गंगेला भेटते. आणि मी इतकी वर्षं तांब्या झाकून बसले!" सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या आपा.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीत नळ आला. पाणी गोडे आहे, डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. चर बुजला, फळी निघाली, टँकरचा भोंगा ऐकून गल्लीत धावत येणे थांबले. सोय झाली, त्याचा आनंद आहेच. पण पहिल्या आठवड्यातच जाणवले, की चार दिवसांत मी समोरच्या घरी गेले नव्हते आणि सिंधी वहिनींचे तोंडही पाहिले नव्हते. जाण्याला कारणच उरले नव्हते!

पाचव्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराशी वॉकर टेकवून विचारले, "डाळीचं पाणी आणलंस का?"

"आई, आता नळ आलाय ना."

"नळ आलाय ते मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "कळशी घे, आणि जा."

तेव्हापासून रोज सकाळी मी कळशी घेऊन समोर जाते. आपा ती आता स्वतःच्या हाताने भरतात. घरी आल्यावर त्यातला पहिला पेला सासूबाईंचा, आणि उरलेल्या पाण्यात डाळ.