नळीवरचा आकडा

वस्तूवर कोरलेला आकडा आणि तिच्या पोटातले खरे माप यांत अंतर पडले, तर त्याची किंमत कोणी मोजायची? हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे मनाच्या तळाशी दाबून ठेवला होता. तो वर आला तो सातासमुद्रापलीकडे, आणि तोही एका रिव्हॉल्व्हरच्या निमित्ताने. वाचकांनी दचकू नये. शस्त्रांची हौस आम्हांला कधीच नव्हती. आमचे सारे आयुष्य मुंबईच्या उपनगरातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, लेथ आणि मायक्रोमीटर यांच्या सहवासात गेले. हौस असलीच, तर ती मापाची.

२०१८ साली आम्ही उभयता लेकीकडे अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातील टूसॉन शहरी गेलो होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. तांब्याच्या खाणीच्या यंत्रशाळेतून ते निवृत्त झालेले. त्यांच्या गॅरेजातील लेथचा आवाज ऐकला आणि आमचे पाय आपोआप तिकडे वळले. दोन टर्नरांना एकमेकांची भाषा शिकावी लागत नाही. आमचे इंग्रजी तुटपुंजे, पण एक हजारांश इंच म्हणजे काय हे दोघांनाही सारखेच ठाऊक. त्यांच्या बाकावर त्यांच्या वडिलांचे जुने रिव्हॉल्व्हर सुटे करून ठेवले होते. ते पाहून आलेल्या आमच्या पत्नीने त्या रात्री विचारले, “अहो, लेकीच्या घरी आलो ते बंदुका बघायला का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो.

ते रिव्हॉल्व्हर रुगर कंपनीचे ‘ब्लॅकहॉक’. हा नमुना १९५५ साली प्रथम बाजारात आला. त्याची चाल जुन्या पद्धतीची, म्हणजे सिंगल अ‍ॅक्शन. प्रत्येक बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. चाप दाबला की तो फक्त सुटतो. १९७३ पूर्वीच्या या हत्यारांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये सुरक्षेची पट्टी नसे. म्हणून जाणता माणूस सहा घरांपैकी पाचच भरतो आणि घोडा रिकाम्या घरावर टेकवून ठेवतो. वडिलांचे हे रिव्हॉल्व्हर ‘३५७ मॅग्नम’ या काडतुसाचे होते. कित्येक वर्षे चामड्याच्या म्यानात पडून राहिल्याने नळी आणि घरे आतून गंजाने खाल्ली होती. शेजाऱ्यांना ते टाकवत नव्हते. त्यांनी ठरविले की छिद्रे मोठी करायची, म्हणजे गंज निघून जाईल, आणि हत्यार ‘४४ स्पेशल’ या जाड पण सौम्य काडतुसाचे करायचे.

एका मापाचे हत्यार दुसऱ्या मापाचे करण्याची ही रीत त्या देशात जुनी आहे. १८६५ साली यादवी युद्ध संपले तेव्हा तेथील रिव्हॉल्व्हरे बहुतांशी ठासणीची होती. प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची. धातूचे तयार काडतूस मागून घालायचे, तर घर आरपार असायला हवे. पण आरपार घराचे पेटंट १८५५ साली रोलिन व्हाइट या गृहस्थाने घेतले होते आणि त्याचा हक्क स्मिथ अँड वेसन कंपनीकडे होता. रेमिंग्टन कंपनीने १८६८ साली त्यांना मोबदला देऊन आपली जुनी रिव्हॉल्व्हरे बदलली. कोल्ट कंपनीने वाट पाहिली. १८६९ साली पेटंटची मुदत संपली. १८७१ साली कोल्टच्या चार्ल्स रिचर्ड्सने पद्धत काढली: जुन्या सिलिंडरचा मागचा भाग कापायचा आणि त्या जागी एक चकती बसवायची. हजारो जुनी हत्यारे अशी पुन्हा कामास लागली. १८७३ साली कोल्टचे नवे, जगप्रसिद्ध सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर निघाले. बिचाऱ्या व्हाइटला मात्र दर नगामागे पंचवीस सेंट मिळत आणि पेटंटचे खटले त्याने स्वखर्चाने लढायचे, असा करार होता. काँग्रेसने त्याला दिलासा देणारे विधेयक संमत केले, पण अध्यक्ष ग्रँट यांनी जानेवारी १८७० मध्ये त्यास नकार दिला.

शेजाऱ्यांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट आम्हांला फार लागली. ‘३८’ म्हणतात त्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात ०.३५७ इंच, आणि ‘४४’ची गोळी ०.४२९ इंच. जुन्या काळी गोळी काडतुसाच्या नळकांड्याइतकीच जाड असे. फक्त तिची टाच आत बसे. पुढे संपूर्ण गोळी नळकांड्याच्या आत बसवू लागले. गोळी बारीक झाली, नाव तेच राहिले. नाव एक आणि माप दुसरे! आम्ही हसलो, पण हसू ओठांवरच विरले.

नळी पोखरून तिच्यात नव्याने पीळदार खाचा पाडण्याचे काम त्यांनी त्यात वाकबगार असलेल्या कारागिराकडे सोपविले. सिलिंडर स्वतः केला. त्या देशात स्वतःच्या हत्यारावर काम करण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून इतरांचे काम करायचे तर लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय असा बदलच करता येत नाही, हे आम्ही सांगितले, तेव्हा त्यांनी मान डोलावली.

काम पाहण्यासारखे होते. प्रत्येक घर नळीशी एका रेषेत यायला हवे, नाहीतर गोळी कडेला घासून शिसे उडते. घराचे पुढचे तोंड नळीच्या मापापेक्षा तसूभरही अरुंद चालत नाही. रीमर हाताने, थेंब थेंब तेल सोडीत, सावकाश फिरत होता. आम्ही मनात हिशेब केला. ३५७ चे नळकांडे ०.३७९ इंच जाड, ४४ चे ०.४५७. म्हणजे घराची भिंत प्रत्येक बाजूने सुमारे ०.०३९ इंच, जवळजवळ एक मिलिमीटर, पातळ होणार. आणि सिलिंडर अडविणारी खाच बाहेरून कोरलेली असते, तेथे तर आणखीच. “हे धरेल?” आम्ही विचारले. ते म्हणाले, “३५७ चा कमाल दाब चौरस इंचाला ३५,००० पौंड, ४४ स्पेशलचा १५,५००. भिंत पातळ झाली, पण भारही कमी झाला. मात्र हे पुढच्या माणसाला कळले पाहिजे.”

पुढच्या माणसाला! ‘४४ मॅग्नम’ नावाचे याच जाडीचे दुसरे काडतूस आहे. त्याचा दाब ३६,००० पौंड. ते मुद्दाम सुमारे अष्टमांश इंच लांब केलेले आहे, कारण जुन्या ४४ स्पेशलच्या घरात ते शिरताच कामा नये. शेजाऱ्यांनीही घर तेवढेच खोल ठेवले, पुढे वाढविले नाही. शेवटी नळीवरचा जुना आकडा त्यांनी कानशीने घासून काढला आणि एकेक अक्षराचा ठसा ठोकून ‘४४ स्पेशल’ असे पूर्ण उमटविले. नुसते ‘४४’ नव्हे. मग भिंग आमच्या हाती देऊन म्हणाले, “तुम्ही वाचून पाहा. मी मेल्यावर हे नातवाकडे जाईल.”

आम्ही भिंग धरले, पण हात स्थिर राहीना.

१९८४ साली आमच्या कारखान्यात वाफेच्या नळाच्या जोडणीचा एक जुना तुकडा आमच्याकडे आला. कमी दाबाच्या नळासाठी त्याचे छिद्र मोठे करायचे होते. आम्ही ते केले, माप अचूक दिले. बाहेरच्या अंगावर जुन्या दाबाचा आकडा कोरलेला होता. तो घासायला पाच मिनिटे लागली असती. पाळी संपत आली होती आणि आम्हांला लोकल गाठायची होती. काही दिवसांनी रात्रपाळीत एका एकोणीस वर्षांच्या मदतनिसाने तो आकडा पाहून तुकडा मोठ्या दाबाच्या नळावर चढविला. तो फुटला. मुलाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोटे पुन्हा सरळ झाली नाहीत. चौकशीत ‘जुना माल’ असा शेरा पडला. आम्हांला कोणी विचारले नाही. आम्हीही बोललो नाही.

टूसॉनच्या त्या गॅरेजात आम्ही हे प्रथमच उच्चारले, मोडक्या इंग्रजीत. शेजारी बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, “मला सांगून काय उपयोग?”

वसईला परतल्यावर चौकशी करीत आम्ही विरारला त्या माणसाच्या घरी गेलो. आता तोही पन्नाशी ओलांडलेला. त्याने डाव्या हाताने चहा पुढे केला. आम्ही सारे सांगितले: छिद्र, भिंत, आकडा, लोकल. तो ऐकत राहिला. रागाची तयारी आम्ही करून गेलो होतो. राग आला नाही.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “तो आकडा मी दोनदा वाचला होता. इतकी वर्षं मला वाटायचं, घाईत मीच चुकीचा वाचला. बायकोलाही तेच सांगत आलो.”

त्याने आत हाक मारून पत्नीला बाहेर बोलावले आणि आम्हांला म्हणाला, “हिला सांगा. पहिल्यापासून सांगा.”

आम्ही पहिल्यापासून सांगितले. एक हात भाजला एवढेच आमचे देणे आहे, असे आम्ही समजत होतो. चौतीस वर्षे एक निर्दोष माणूस आमची चूक आपल्या नावावर वागवीत होता, हे आम्हांला त्या दिवशी कळले. तो आकडाही आम्हीच घासायचा ठेवला होता.