दोष आईच्या बोटांचा नव्हता

वाचकहो, आपल्या घरातील एखादे वृद्ध माणूस अलीकडे मोबाईलला हात लावायला कचरत असेल, आलेला फोन उचलत नसेल, 'आता मला नाही जमत' असे म्हणून तो कपाटात ठेवून देत असेल, तर एकदा तो फोन स्वतःच्या हातात घेऊन दोन दिवस वापरून पाहा. आम्ही हे केले नाही. आम्ही आईच्या स्मरणशक्तीविषयी शंका घेत बसलो.

माझी आई ७९ वर्षांची आहे. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाली. बाबा गेल्यापासून साताऱ्याच्या घरात एकटीच राहते. मी पुण्याला आणि भाऊ नाशिकला. तेव्हा मोबाईल हा तिचा खरा सोबती. सकाळी पंचांग पाहायचे, दुपारी कीर्तन ऐकायचे आणि दिवेलागणीनंतर नातीशी बोलायचे, असा तिचा नेम होता. गेल्या पावसाळ्यात हा नेम मोडला. फोन लावला तर तो नुसता वाजत राही. कधी उचललाच, तर आई घाईघाईने दोन शब्द बोलून ठेवून देई. मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "अगं, माझ्या हातून काहीतरी भलतंच दाबलं जातं. मला तुला फोन करायचा असतो आणि समोर कुठल्या तरी खेळाचं चित्र येतं. डोकं चालेनासं झालंय माझं."

भाऊ फोनवरून तिच्यावर रागावत असे. "आई, किती वेळा सांगितलं, वाटेल तिथे बोट लावू नकोस!" मी रागावत नव्हते, पण माझ्या समजावण्याचा सूरही लहान मुलाला समजावावे तसाच होता, हे आज कबूल करते. शेवटी आम्ही दोघांनी ठरवून तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी शांतपणे तिला वार, तारीख, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितले, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने तेच पुन्हा विचारले. आईने सगळे बिनचूक सांगितले. मग त्यांनी विचारले, "आजी, विसरायला नेमकं काय होतं?" आई म्हणाली, "फोनच फक्त. बाकी काही नाही." डॉक्टर आमच्याकडे वळून म्हणाले, "फोन तपासलात का?"

आम्ही तो तपासला नव्हता.

त्या दिवशी साताऱ्याला परतल्यावर शेजारच्या काकू भेटल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले की पंधरा दिवसांपूर्वी रात्री अडीचच्या सुमारास आईच्या छातीत धडधडू लागले होते. तिने त्यांना फोन लावायचा प्रयत्न केला. तीनदा नंबर काढला आणि तिन्ही वेळा हिरव्या बटणावर जाहिरात पसरली. अखेर तिने पितळी तांब्या भिंतीवर आपटला, तेव्हा काकू धावत आल्या. सुदैवाने ते दुखणे पित्ताचे निघाले. आईने आम्हाला त्यातले काहीच कळवले नव्हते. का, म्हणून विचारले तर मान खाली घालून म्हणाली, "तुम्ही पुन्हा म्हणाला असता, की मीच काहीतरी दाबलं."

वाचकहो, जाहिरातींचा उपद्रव म्हणजे केवळ डोळ्यांना त्रास, असा माझा समज होता. तो त्या वाक्याने पुसला गेला.

त्या संध्याकाळी मी आईशेजारी ओसरीवर बसले आणि तिचा फोन तासभर नुसता वापरला. दहा मिनिटांत माझ्या हातूनही तेच 'भलतंच' घडले! मी काहीही दाबले नव्हते. पडदा उघडला आणि जाहिरात आली. ती बंद करण्याची फुली इतकी बारीक होती, की माझे बोटही चुकले. आईकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर मला आधी आश्चर्य दिसले आणि मग सुटका. "म्हणजे तुलाही होतंय!" एवढेच ती म्हणाली.

येथे एक भेद ध्यानात घ्या. फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये, ते उघडलेले असताना, जाहिरात दिसणे नेहमीचेच आहे. त्यावरच ते ॲप चालते. पण कोणतेही ॲप उघडलेले नसताना, फोनचे कुलूप उघडताच किंवा नंबर लावताना जाहिरात पडदा व्यापत असेल, तर ॲडवेअर आत शिरल्याची दाट शक्यता असते. वरून उपयोगी दिसणारे आणि आतून जाहिराती दाखवून पैसे मिळवणारे ॲप म्हणजे ॲडवेअर. प्रत्येक जाहिरात दिसली वा दाबली गेली, की कोणाच्या तरी पदरात पैसे पडतात. म्हणून ती चुकून दाबली जावी, अशीच तिची मांडणी असते. थरथरत्या बोटांचे आणि अंधूक दृष्टीचे माणूस तिला सर्वांत सोपे सापडते. बॅटरी लवकर उतरणे, फोन विनाकारण तापणे, इंटरनेटचा साठा दुपारीच संपणे, ही सोबतची लक्षणे. आईच्या फोनमध्ये ही तिन्ही होती.

अधिकृत दुकानातून घेतलेले ॲप निर्धोकच असते, असेही मानू नका. २०२० च्या फेब्रुवारीत गूगलने अशाच उपद्रवी जाहिराती दाखवणारी सुमारे ६०० ॲप्स आपल्या प्ले स्टोअरवरून काढून टाकली. फोन लावताना अचानक पडदाभर जाहिरात येणे, हे उदाहरण तेव्हा गूगलनेच दिले होते. आईच्या बाबतीत जे घडले, ते तिच्या एकटीचे नव्हते.

आता आम्ही काय केले, ते क्रमाने सांगते. आमचा फोन अँड्रॉइडचा आहे. कंपनीनुसार शब्द थोडे बदलतील, वाट साधारण हीच.

जाहिरात समोर असतानाच, अलीकडे वापरलेली ॲप्स दाखवणारे बटण दाबले. जाहिरात ज्या ॲपची असते, त्याचे नाव पुष्कळदा तेथे सापडते. आमच्याकडे सापडले ते विजेरीचे ॲप. वीज गेली असताना आईने ते घेतले होते. प्रत्येक फोनमध्ये विजेरी आधीपासून असते, पडदा वरून खाली ओढला की तिचे चित्र दिसते, हे तिला आम्ही कधी दाखवलेच नव्हते. दुसरे निघाले ते फोन 'स्वच्छ' करणारे ॲप. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहेत, ताबडतोब साफ करा' अशी लाल अक्षरांतली पाटी पाहून घाबरून तिने ते घेतले होते. ती पाटीही जाहिरातच होती. कोणतेही संकेतस्थळ तुमच्या फोनची नाडी पाहून रोग सांगू शकत नाही, एवढे पक्के लक्षात ठेवा.

मग सेटिंग्जमध्ये जाऊन सर्व ॲप्सची यादी उघडली. काही लबाड ॲप्स पडद्यावरचे आपले चित्र लपवतात, पण या यादीत ती सापडू शकतात. नाव अनोळखी असेल किंवा चित्राच्या जागी कोरा चौकोन असेल, तर संशय घ्यावा. मात्र फोनचीच अंगभूत ॲप्सही याच यादीत असतात. ज्याविषयी खात्री नाही, ते जाणत्याला विचारल्याशिवाय काढू नये. त्रास केव्हा सुरू झाला आणि त्याच्या आसपास काय घेतले, हे आठवले तर शोध सोपा होतो.

विजेरीचे ॲप काढून टाकण्याचे बटण मात्र फिके होते, दाबले जाईना. अशा वेळी दोन उपाय असतात. पहिला म्हणजे सेटिंग्जमधील सुरक्षेच्या विभागात 'डिव्हाइस ॲडमिन' नावाची यादी पाहायची. त्या ॲपने तेथे अधिकार मिळवला असेल, तर आधी तो काढून घ्यायचा आणि मग ॲप काढायचे. दुसरा उपाय सेफ मोडचा. बहुतेक फोनवर बंद करण्याचा पर्याय आला, की त्यावर बोट काही क्षण दाबून धरले असता सेफ मोडविषयी विचारणा होते. त्या अवस्थेत बाहेरून घेतलेली ॲप्स झोपलेली असतात. जाहिराती तेवढ्या वेळेपुरत्या थांबल्या, तर दोष बाहेरून आलेल्या ॲपचाच आहे, असे समजावे. मग ते निवांतपणे काढता येते. फोन पुन्हा सुरू केला, की नेहमीची अवस्था परत येते. आमचे काम पहिल्या उपायानेच झाले.

तरीही वरच्या पट्टीत जाहिरातवजा सूचना येत राहिल्या. त्या ब्राउझरमधून येत होत्या. पाककृती वाचताना एका पानाने 'सूचना पाठवू का?' असे विचारले होते आणि आईने सौजन्याने होकार दिला होता! ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सूचनांची परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी असते. अनोळखी नावांची परवानगी तेथून काढली. शेवटी 'इतर ॲप्सवर दिसण्याची' परवानगी कोणाकोणाला आहे ते पाहून अनावश्यक ठिकाणी बंद केली आणि प्ले स्टोअरमधील प्ले प्रोटेक्टकडून फोन तपासून घेतला. एवढ्यानेही भागले नाही, तर फोन मूळ स्थितीत आणण्याचा उपाय उरतो. पण त्यात सारे पुसले जाते, म्हणून छायाचित्रे आणि संपर्क आधी दुसरीकडे सुरक्षित ठेवावेत.

एक इशारा अधिक गंभीर आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतुकीचा दंड किंवा बँकेची सूचना म्हणून एखादी फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती पत्रिका नसून ॲप असते. ते केवळ जाहिराती दाखवून थांबेल असे नाही. ते बँकेचे संदेश वाचू शकते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी ती उघडू नये, कारण पाठवणाऱ्याचाच फोन लुबाडला गेलेला असू शकतो. सेटिंग्जमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्याची परवानगी सर्वत्र बंद ठेवावी. पैसे गेले, तर विलंब न लावता बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. लाजून गप्प बसण्यात गेलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा ठरतो.

काळजी घेणाऱ्या मुलामुलींना दोन शब्द सांगते. उपाय म्हणून फोन काढून घेऊ नका. एकट्या माणसाची तीच खिडकी असते. त्याऐवजी महिन्यातून एकदा, नखे कापून द्यावीत तितक्या सहजपणे, शेजारी बसून फोन पाहा. त्यांच्या हातातून खेचून घेऊन भराभर बोटे चालवू नका. बटण त्यांनाच दाबू द्या. आणि 'काय दाबलंस?' असे विचारण्याऐवजी 'काय दिसलं?' असे विचारा. पहिल्या प्रश्नावर माणूस लपवतो, दुसऱ्यावर सांगतो. मात्र फोनखेरीज इतर गोष्टींचाही विसर पडत असेल, रोजची वाट चुकत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्याची टाळाटाळ करू नका. आम्ही डॉक्टरांकडे गेलो, हे योग्यच झाले. फोन आधी पाहिला नाही, ही आमची चूक.

आजी-आजोबांनो, तुम्हालाही एक विनंती. फोन विचित्र वागू लागला, तर ती स्वतःची चूक समजून मनात ठेवू नका. ताप आला की सांगता ना, तसेच हेही सांगा.

आईने आता उशाशी बटणांचा साधा फोन ठेवला आहे. त्यात शेजारच्या काकू, भाऊ आणि मी, असे तीनच नंबर आहेत. चौथा ११२ तिला पाठ आहे. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने शाळेतल्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात तीन नियम लिहून चिकटवले आहेत: नवीन ॲप घेण्याआधी विचारायचे, भीती दाखवणारी पाटी आली की फोन खाली ठेवायचा, आणि आलेली पत्रिका तोंडी निमंत्रण आल्याखेरीज उघडायची नाही.

गेल्या आठवड्यात संध्याकाळी तिचाच फोन आला. पलीकडून हसत म्हणाली, "अगं, आज काकूंच्या फोनवर ती लाल पाटी आली होती. घाबरल्या होत्या बिचाऱ्या. मी म्हटलं, दोष तुमचा नाही, इकडे आणा तो फोन."