आधी तेल, मग आग

अब्बांचं गॅरेज मिरजेत होतं. पत्र्याची शेड, एक खड्डा, चेन-कप्पी आणि भिंतीला टांगलेले पाने, एवढाच पसारा. त्या काळात टॅक्सी म्हणजे अँबॅसडर. तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन अब्बा उतरवायचे, सुटं करायचे आणि पुन्हा बांधायचे. लोक त्यांना मिस्त्री म्हणायचे. मी कॉलेजात होतो आणि सुट्टीत हाताखाली काम करायचो. चार इंजिनं बांधताना पाहिली होती, त्यामुळे सगळं येतंय असं वाटू लागलं होतं.

ही गोष्ट १९९६ च्या उन्हाळ्यातली. एका टॅक्सीवाल्या काकांचं इंजिन पूर्ण खोललं होतं. बोअर झालं होतं, रिंगा-पिस्टन नवे होते, क्रँक घासून आणून नवी बेअरिंगं बसवली होती. ऑइल पंप मी स्वतः बसवला. जुम्याचा दिवस होता. नमाजला निघताना अब्बा म्हणाले, "मैं आये तक सेल नक्को मारू. पहले तेल चढाना है."

काका अठरा दिवस गाडीची वाट पाहत होते. संध्याकाळी कोल्हापूरचं लग्नाचं भाडं होतं. दर पाच मिनिटांनी ते विचारायचे, "पोरा, अजून किती वेळ?" मी काडी काढून पाहिली. तेल खुणेपर्यंत होतं. म्हटलं, तेल आहे की! आणि सेल मारला.

इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. काका हसले, मीही फुशारलो. डॅशबोर्डवरचा तेलाचा काटा शून्यावरच होता. मला वाटलं, मीटर जुना आहे, चढेल हळूहळू. चढावा म्हणून उलट थोडं रेस केलं. दीड-दोन मिनिटांत खालून टकटक ऐकू येऊ लागली. तेवढ्यात अब्बा कोपऱ्यावरूनच हात हलवत धावत आले आणि त्यांनी चावी फिरवली.

माझी चूक काय होती, ते सांगतो. काडीवर दिसतं ते चेंबरमधलं तेल. इंजिनाला ते वर लागतं, क्रँक आणि बेअरिंगच्या मधल्या केसाएवढ्या फटीत. तिथं दाबाने आलेल्या तेलाचा पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरते. नव्याने बांधलेल्या इंजिनात पंप, फिल्टर, तेलाच्या वाटा, सगळं रिकामं असतं. पंप कोरडा असेल तर तो हवाच चघळत बसतो, तेल खेचत नाही. मी पंप तेल न भरता, कोरडाच बसवला होता. मिनिटाला हजार फेरे धरले तरी दोन मिनिटांत दोन हजार फेरे झाले, धातूवर धातू घासत. बांधताना बोटाने लावलेलं तेल तेवढं पुरत नाही.

चेंबर खोललं. बेअरिंगवरचा करडा थर खरवडून खाली तांबं दिसत होतं. क्रँकवर ओरखडे होते. ती आधीच टेनला घासली होती, आता ट्वेंटीला घासावी लागणार होती. क्रँकला असे मोजकेच जन्म असतात. त्यातला एक मी दोन मिनिटांत संपवला होता.

मी हळूच म्हणालो, "अब्बा, बेअरिंग डुप्लिकेट निघाली म्हणून सांगूया?"

अब्बा ओरडले नाहीत. हात पुसत म्हणाले, "गाडी अमानत है, बेटा." मग ते काकांकडे गेले. पोराच्या हातून चूक झाली, पण गॅरेज माझं आहे म्हणून चूक माझी, असं त्यांनी मराठीत स्पष्ट सांगितलं. काका खूप बोलले, आणि त्यांचं बरोबर होतं. लग्नाचं भाडं गेलं. घासाई आणि बेअरिंगचे पैसे अब्बांनी भरले, मजुरी घेतली नाही.

दुसऱ्यांदा इंजिन बांधलं तेव्हा अब्बा बाजूला उभे राहिले आणि सगळं माझ्याकडून करून घेतलं. पंपात तेल भरून तो हाताने फिरवून बसवला. चारही प्लग काढले, म्हणजे इंजिन हलकं फिरतं आणि बेअरिंगवर भार येत नाही. कॉइलची वायर काढली, म्हणजे ठिणगी पडत नाही. मीटरकडे जाणारी तेलाची नळी इंजिनाजवळ सैल केली आणि खाली डबा धरला. दहा सेकंद सेल मारायचा, मग सेल गरम होऊ नये म्हणून थांबायचं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा बुडबुडे आले. तिसऱ्यांदा तेलाची नितळ धार आली. नळी आवळली, परत सेल मारला. काटा शून्यावरून उठला. मग प्लग, मग वायर, आणि मगच चावी. सुरू करून बंद केल्यावर काडी पुन्हा पाहिली. फिल्टर आणि वाटा भरल्यामुळे तेल कमी झालं होतं, ते वर घातलं. या सगळ्याला जेमतेम अर्धा तास लागला.

त्या अर्ध्या तासाची मला घाई झाली होती.

ते काका नंतर पुन्हा आमच्या गॅरेजला आले नाहीत. खरं बोललं की गिऱ्हाईक टिकतंच, असं काही नाही. अब्बांनाही ते माहीत होतं. तरी ते खरंच बोलले.

अब्बा आता नाहीत. अँबॅसडरही २०१४ मध्ये बनायची थांबली. गॅरेज धाकटा भाऊ चालवतो. गाड्या बदलल्या, सेन्सर आले, पण कोरडं बेअरिंग आजही तसंच जळतं. तुमच्या गाडीचं इंजिन कधी बांधून आलं, तर मिस्त्रीला घाई करू नका. एवढंच विचारा, "तेल चढवलं का?" आणि तो म्हणाला, अर्धा तास थांबा, तर चहा सांगा आणि थांबा.