सुट्टा डायपर

सिडकोने घेतलेल्या आमच्या भातशेतांवर नवी मुंबईतल्या उलव्याचे टॉवर उभे राहिले. ते बांधणारे मजूर मात्र पत्र्याच्या खोल्यांत राहतात, बरेचसे नांदेड-परभणीकडचे. गव्हाणमधल्या आमच्या बचत गटाने त्यांच्या तान्ह्या बाळांसाठी जुन्या सुती साड्यांचे लंगोट शिवायला घेतले. एका बाळंतिणीनं ते हातात घेतले, नीट घडी घातली आणि म्हणाली, ‘‘ताई, लंगोट लई हायेत. वाळवू कुठं?’’

आषाढ चालू होता. खोलीत एकच दोरी, तिच्यावर नवऱ्याचे सिमेंटचे कपडे आणि बाळाची दुपटी, सगळं दमट, आंबूस वासाचं. पाणी टँकरचं. म्हणून ती टपरीवरून सुट्टा डायपर आणायची, दहा-बारा रुपयांना एक. मोठ्या पाकिटात तोच नग बराच स्वस्त पडतो, पण सहाशे-सातशे रुपये एकदम काढणार कुठून? ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच तो महाग. महागाचा म्हणून तो लवकर काढायचाही नाही, भरून लोंबेपर्यंत बाळाच्या कमरेला तसाच. तिनं पट्टी सोडली तेव्हा जांघा सोलवटून लालभडक झालेल्या दिसल्या. ओला हात लागताच पोर किंचाळलं.

बाळाला गव्हाणच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं. जागा कोरडी ठेवा, दर तीन-चार तासांनी बदला, असं सांगितलं. मग आम्ही वर्गणी काढली, पनवेलहून घाऊक पाकिटं आणली आणि बाळागणिक नग मोजून द्यायला लागलो. रात्रीसाठी डायपर, उघडीप असेल तेव्हा दिवसा लंगोट, संततधार लागली की जास्त नग. वापरलेला डायपर खाडीत जाऊ नये म्हणून कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत टाकायलाही सांगतो.

22 सप्टेंबर 2025 पासून डायपरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. चांगलंच झालं, पण टपरीवरचा सुट्टा नग स्वस्त झालेला मला दिसला नाही. सरकारच्या 2 हजार रुपयांच्या बेबी केअर किटमध्ये डायपर असतात, पण ते पहिल्या बाळंतपणाला. या बाळंतिणीचं हे दुसरं. दुसऱ्या बाळाला डायपर लागत नाहीत का?

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदीत कामगाराला दोन बाळंतपणांपर्यंत मदत मिळते, साध्या बाळंतपणाला 15 हजार, सिझेरियनला 20 हजार. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा, आणि ठेकेदार बदलत राहतात, लिहून कोण देणार? आता आमच्यातल्या दोघी डायपरसोबत अर्जही घेऊन जातात. दाखल्यासाठी मुकादमाच्या मागं लागणं हे सगळ्यात वेळखाऊ काम.

हल्ली गावातूनही विचारणा होते. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांच्या सुनेनं परवा विचारलं, ‘‘मोठ्यांचे मिळतील का गं?’’ त्यांचा एक नग तीस-चाळीस रुपयांचा. पुढच्या वर्गणीत तो हिशेबही धरलाय.