त्या शेवटच्या चढाईबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं

गेल्या महिन्यात आपल्या गावच्या मैदानावर कबड्डीची मॅच झाली, तिच्यावर मी याच पेजवर लिहिलं होतं. शीर्षक दिलं होतं, ‘घाई नडली’. साडेचारशे लाईक आले, चाळीसेक शेअर झाले. ती पोस्ट चुकीची होती. डिलीट करून गप्प बसता आलं असतं, पण मग ज्याच्यावर लिहिलं त्याचं काय?

आधी प्रसंग सांगतो. आपली पोरं २७, समोरचे २८. शेवटची चढाई. समोर सहा गडी, म्हणजे बोनस उपलब्ध. बोनस घेतला असता तर २८-२८ आणि पाच-पाच चढायांचा डाव. आपल्या सात नंबरने बोनस सोडला, देवळाच्या बाजूच्या कोपऱ्याकडे वळला आणि पकडला गेला. मी लिहिलं, ‘समोर बोनस उघडा असताना हिरोगिरी सुचली.’ पोरगा एकोणीस वर्षांचा. बाप पहाटे होडी घेऊन खाडीत जातो, आई मार्केटात बसते. पुढच्या स्पर्धेच्या बारा जणांत त्याचं नाव नव्हतं. प्रशिक्षकांनी माझी पोस्ट वाचून वगळलं असं मी म्हणत नाही, पण त्यांनी ती वाचली होती.

आठवड्याने मासळी घ्यायला गेलो तर त्याच्या आईने सुरमई तोलता तोलता एवढंच म्हटलं, “दादा, पोरगा तीन दिस नीट जेवला नाय.” भांडली असती तर बरं झालं असतं.

मी ती पोस्ट लिहिली होती स्वतःच्या मोबाइलवरचा व्हिडिओ बघून. गुणलेखकाच्या टेबलामागून घेतलेला. आपण सगळे घेतो तसाच, चढाई करणारा जिकडे जाईल तिकडे मोबाइल फिरवत. त्यात पोरगा दिसतो, बोनस रेषा दिसते, मोकळी जागा दिसते. ज्यांना तो टिपत होता ते सहा जण मात्र एकत्र कुठेच दिसत नाहीत.

इथे जरा लांबचं उदाहरण देतो. अमेरिकेत हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून जो फुटबॉल खेळतात, त्यात क्वार्टरबॅक नावाचा गडी असतो. चेंडू त्याच्या हातात आला की बहुतेक वेळा अडीच-तीन सेकंदांत त्याने समोरच्या बचावाकडे बघून ठरवायचं, कुणाकडे फेकायचा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरतो, त्यामुळे लांबचे गडी पडद्याबाहेर जातात. म्हणून तिथले प्रशिक्षक उंचावरून घेतलेलं, बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारं चित्रण बघतात. २०१२ साली ते पैसे भरून प्रेक्षकांनाही बघायला मिळू लागलं. रात्री झोप येत नसली की यूट्यूबवर मी त्याचं विश्लेषण बघतो, हे माझं एक खूळ. त्यात दोन प्रश्न कायम वेगळे ठेवतात. त्याने बरोबर माणूस निवडला का, हा एक. चेंडू पोचला का, हा दुसरा. मी बातमी लिहिताना दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पहिला निकालात काढला होता.

मग मी गल्लीत विचारत फिरलो. मैदानाला लागून असलेल्या एका घराच्या गच्चीवरून कॉलेजातल्या एका मुलीने सगळी मॅच टिपलेली निघाली. मोबाइल कठड्यावर विटेला टेकवून ठेवलेला, न हलता. कडेला वाळत घातलेली चादर मधूनमधून उडते, पण सगळं क्रीडांगण दिसतं.

सात नंबरला घरी बोलावलं. आधी आला नाही. दुसऱ्यांदा निरोप दिला तेव्हा आला, दारातच उभा राहिला. लॅपटॉपवर चढाई लावली आणि थांबवत थांबवत पुढे नेली. पहिली दहा मिनिटं तो काही बोलला नाही. मग बोट पुढे आलं.

“काका, इथे थांबवा. खाडीकडचा कोपरा बघा. टाच शेवटच्या रेषेला लावून उभाय. हा मला बोनस देतोय.”

“मग घ्यायचा ना!”

“देतोय म्हणून तर नाय घ्यायचा. त्याच्या शेजारच्याचा पाय बघा.”

शेजारच्याचं वजन पुढच्या पायावर होतं. तो बोनसकडे बघतच नव्हता, पोराच्या परतीच्या वाटेकडे बघत होता. मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटर, पुढे एक मीटरवर बोनस. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवायचा तेव्हा दुसरा हवेत लागतो. त्या क्षणी पाठीमागून साखळी आली की संपलं. उत्तरार्धात याच कोपऱ्याने याच पद्धतीने त्याचा घोटा धरला होता. ते मी विसरलो होतो, तो विसरला नव्हता.

“आता देवळाकडचा बघा.”

पोराने खाडीच्या बाजूला पाय टाकून हूल दिली, तसा देवळाकडचा कोपरारक्षक शेजाऱ्याचा हात सोडून मदतीला आत धावला. तीन पावलं. छाती खाडीकडे, खांदा उघडा. पोरगा वळला तो त्या खांद्यासाठी. हूल आणि वळणं यांच्यात अर्धा सेकंदही नाही. मी लॅपटॉपवर अर्धा तास घालवून जे बघितलं ते त्याने दम घुमवत तेवढ्यात बघितलं होतं. हात त्या खांद्यापासून वीतभर राहिला, रेटा द्यायला डावा पाय रोवला आणि पाय घसरला. मग तिघे अंगावर.

पाय का घसरला, तेही दिसतं. फक्कीच्या रेषेच्या आत मातीचा एक गोल डाग आहे, आजूबाजूच्या चोपलेल्या मातीपेक्षा वेगळा. उत्सवाच्या मांडवाचा खांब तिथे होता. मांडव काढल्यावर खड्डा भरला, पण माती दाबली नाही. सकाळी जाऊन मोजले, असे सात खड्डे. दोनांत चप्पल रुतली.

हा मांडव ज्या मंडळाने घातला त्याच्या कमिटीत मी आहे. ‘नेटक्या नियोजनाबद्दल’ आमचंच कौतुक मीच इथे लिहिलं होतं, फोटोसकट. गावठाणाला उरलेली मोकळी जागा केवढी, सगळ्यांना माहीत आहे. लग्न, उत्सव, क्रिकेट, कबड्डी, सगळं तिथेच. सिडकोवर आणि पालिकेवर लिहायला मला आवडतं, सोपंही जातं. हे खड्डे मात्र आमचे आहेत. शनिवारी सकाळी सात वाजता रोलर येणार आहे, पाण्याचा टँकर सांगितलाय. कमिटीवाल्यांनी फावडं घेऊन यावं.

कुणी म्हणेल, व्हिडिओने सगळं सुटतं का? नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेची फायनल आठवा. भारत-इराण २८-२८, पवनची चढाई, राखीव क्षेत्रात पाय. एवढे कॅमेरे असून तासभर खेळ थांबला, कारण भांडण चित्राचं नव्हतंच, कुठला नियम लावायचा याचं होतं. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. आपल्या नगरचा अस्लम इनामदार त्या संघात होता. आमचं भांडण तेवढं मोठं नाही. इथे फक्त सगळे सहा गडी दिसायला हवे होते.

प्रशिक्षकांना व्हिडिओ दाखवला. तीनदा बघितला, काही बोलले नाहीत, पेनड्राइव्हवर मागून घेतला. संघाचं काय करायचं ते तेच ठरवतील. जुन्या पोस्टवर मी वरती दुरुस्ती टाकली आहे. ज्यांनी ती शेअर केली होती त्यांनी हीही करा, एवढी विनंती.

पोरगा निघताना मला वाटलं, आता तरी जरा हसेल. तो परत खुर्चीवर बसला.

“काका, पहिल्यापासून लावा ना. मला गुण मिळालेल्या चढाया बघायच्यात.”

अकरा चढाया बघितल्या. चौथ्या आणि नवव्या चढाईला त्याने स्वतःच थांबवायला लावलं. दोन्हींत त्याने चुकीचा गडी निवडला होता. समोरच्याने पकडीची घाई केली म्हणून गुण मिळाला. नवव्या चढाईवर मी मॅचच्या रात्री ‘अफलातून’ असं लिहिलं होतं. ते त्याने वाचून दाखवलं आणि मग हसला.